एक लाल बटण जास्त

पातेलं करपलं, घरभर धूर झाला, धूर बघून शेजारची मास्तरीण धावत आली, मास्तरणीने लेकीला फोन केला आणि तिसऱ्या दिवशी लेक बॅग घेऊन दारात हजर. झालं होतं ते एवढंच. कोटवालीच्या मते यात चूक कुणाची असेल तर ती मास्तरणीची. धूर दिसला तर खिडकी उघडायची असते, लोकांच्या मुलींना फोन करायचे नसतात.

कोटवाली हे काही तिचं नाव नव्हे. चाळीस वर्षं तिने घराच्या पुढच्या खोलीत बसून कोट शिवले. शाळेच्या पोरांचे, कचेरीतल्या साहेबांचे, नवरदेवांचे. त्यामुळे अख्ख्या गल्लीत तिला दुसरं नावच उरलं नव्हतं. शाळा तिने दुसरीत सोडली होती. पण माणूस समोर उभा राहिला, टेप एकदा त्याच्या अंगावरून फिरली, की छाती, खांदा, बाही सगळं डोक्यात पक्कं. कागदावर तिने कधी एक माप लिहिलं नाही. ज्याचा स्वतःवर भरवसा नसतो तो लिहून ठेवतो, असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. आता बोटं वाकडी झाली, मशीनवर चादर पडली. डोकं मात्र होतं तिथेच होतं. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

लेकीला त्याची खात्री नव्हती. लेक दवाखान्यात नर्स, तीही म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. आल्या आल्या तिने चहा घ्यायच्या आधी ते काळं पातेलं उलटंसुलटं करून बघितलं.

"आई, हे गॅसवर किती वेळ होतं?"

"करपेपर्यंत."

"चेष्टा नको. तू ठेवलंस आणि विसरलीस, की ठेवलंस हेच विसरलीस?"

कोटवालीने शालीचं टोक खांद्यावर टाकलं. प्रश्न तिला नेमका लागला होता, कारण पातेलं ठेवल्याचं तिला काही केल्या आठवत नव्हतं. दूध होतं की पाणी, तेसुद्धा नाही. पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. "पातेलं सगळ्यांचं करपतं," ती म्हणाली. "तुझ्या दवाखान्यात करपत नाही, कारण तिथे कुणी स्वयंपाकच करत नाही."

"बरं. मी आठ दिवस आहे. बघते. सगळं ठीक असेल तर मी माझी जाईन. नाहीतर तुम्ही दोघं माझ्याकडे यायचं. दोन खोल्या आहेत, चौथ्या मजल्यावर, पण लिफ्ट आहे."

"लिफ्टमधून चिमण्या येतात का?"

"आई!"

"नाही, विचारलं आपलं. इथे बाग आहे. म्हणजे तुला ती बाग वाटत नसेल, चार कुंड्या आणि एक पेरूचं झाड आहे. पण चिमण्या येतात."

म्हातारा कोपऱ्यात खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होता. तो पाणीखात्यात चावीवाला होता. आयुष्यभर रस्त्यातल्या झाकणांखाली लांब सळई घालून त्याने गावाचं पाणी सोडलं आणि बंद केलं. बोलणं त्याने फार आधीच बंद केलं होतं. बायको दोघांच्या वाटचं बोलायची, त्याला तेवढं पुरत होतं. तो फक्त म्हणाला, "मास्तरीण येऊन गेली. फॉर्म ठेवलाय."

हा फॉर्म पक्ष्यांचा होता. थंडी पडली की मास्तरीण दरवर्षी गल्लीतल्या प्रत्येक घरात एक फॉर्म टाकायची. सोमवार ते रविवार, रोज सकाळी नऊ ते साडेनऊ, आपल्या बागेत किती पक्षी येतात ते मोजायचं. कुठल्याशा संस्थेचे लोक तो आकडा गोळा करून कोणते पक्षी वाढले, कोणते घटले ते ठरवायचे. गेली सहा वर्षं कोटवाली मोजत होती. तिच्या घरचा आकडा मास्तरणीच्या घरच्या आकड्यापेक्षा जास्त यायचा, आणि मोजायचं मुख्य कारण ते होतं.

फॉर्म बघितल्यावर तिच्या डोक्यात काहीतरी पेटलं.

"ऐक," ती लेकीला म्हणाली, "तुला माझं डोकं तपासायचंय ना? मग चोरून कशाला तपासतेस, माझ्या हातात चमचा देऊन मीठ किती घालते बघत? उघड तपास. मी सात दिवस पक्षी मोजते. पक्षी दिसला की वाटीत बटण टाकते. दहा वाजता तू यायचं, मी तोंडी सांगेन कोणते किती. मग तू बटणं मोजायची. एक जरी चुकलं तर मी स्वतःच्या हाताने बॅग भरीन."

"अगं, असं पैजेवर ठरवतात का?"

"मी ठरवते."

म्हाताऱ्याने मान वर केली, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यालाही बॅग भरावी लागणार होती, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी कोटवाली स्वेटर, शाल, कानाला रुमाल असा सगळा जामानिमा करून पुढच्या खिडकीशी बसली. शेजारच्या टेबलावर बटणांचा डबा आणि पाच वाट्या. तपकिरी चार भोकांची बटणं चिमण्यांची. काळी, कोटाची, रुपयाएवढी, ती कावळ्यांची. पिवळट हाडाची बटणं साळुंक्यांची. शर्टाची पांढरी बटणं धोब्याची, जो काळ्यापांढऱ्या कपड्यात शेपटी आपटत ओट्यावर फिरतो. आणि लाल, पोरींच्या फ्रॉकची, ती थिरथिऱ्याची. थिरथिरा तिचा लाडका. मूठभर पक्षी, वरून काळा, पोटाला विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरती, थंडीने कुडकुडल्यासारखी. खरं तर तो थंडीसाठीच लांबून येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. ती त्याला म्हणायची, "बाबा, थंडी सोसत नाही तर येतोस कशाला?" पण दरवर्षी त्याची वाट बघायची.

मोजायचा एक नियम होता आणि तो तिला पहिल्या वर्षी मुळीच पटला नव्हता. एका वेळी जास्तीत जास्त जेवढे एकत्र दिसले तेवढेच धरायचे. चार चिमण्या दिसल्या, उडाल्या, मग तीन आल्या, तर चारच. सहा आल्या तर आणखी दोन बटणं. कारण आता आलेली चिमणी मघाचीच असू शकते. "असू शकते काय?" तिने तेव्हा मास्तरणीला विचारलं होतं. "मी गिऱ्हाइकाला पाठीवरून ओळखते, चिमणीला ओळखणार नाही?" पण मास्तरीण शाळेतली होती, तिच्यापुढे नियम तो नियम.

नऊ वाजता म्हातारा रोजच्यासारखा मागच्या दाराशी दाढीला बसला. तिथे भिंतीला खिळ्यावर आरसा, पुढ्यात गरम पाण्याचा मग. तीन केस आणि अर्धा तास. मागच्या अंगणात त्या बाजूला कुंपणाची भिंत आणि तिच्याजवळ एक नळ, जो सारखा ठिबकायचा. या नळावरून घरात दोन महिने भांडण चालू होतं. चाळीस वर्षं गावाचं पाणी बंद करणाऱ्या माणसाच्या घरचा नळ गळतो, याची कोटवालीला लाज वाटायची. "वॉशर आणा," ती म्हणायची. तो म्हणायचा, "आणतो." आणि आणत नसे.

सव्वानऊला मागून आवाज आला. "अगं, इकडे नळावर एक..."

"तोंडाला साबण लावलाय ना?" ती खिडकीवरची नजर न हलवता ओरडली. "मग तोंड मिटा. मोजणी माझी आहे. आणि तुम्हाला कावळा आणि कढई यांतला फरक कळत नाही."

मागून मगातलं पाणी ढवळल्याचा आवाज आला.

दहा वाजता लेक आंघोळ करून आली. कोटवाली ताठ बसून म्हणाली, "चिमण्या नऊ, कावळे दोन, साळुंक्या चार, धोबी एक, थिरथिरा एक." लेकीने बटणं मोजली. नऊ, दोन, चार, एक, एक.

"झालं समाधान?"

"झालं," लेक हसली, "आणि बाबा, तुमच्या कानाखाली साबण राहिलाय."

मंगळवारी गारठा जास्त होता. साडेनऊला मोजणी संपली तेव्हा कोटवालीची बोटं काड्यांसारखी झाली होती. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, तिघांचा चहा टाकला. गॅसजवळून हलायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं, म्हणून चहा उकळून गाळेपर्यंत ती तिथेच राखणदारासारखी उभी राहिली. मग कप घेऊन बाहेर आली. लेकही आली.

"चिमण्या अकरा, कावळा एक, साळुंक्या चार, धोबी दोन, थिरथिरा एक."

लेक मोजत गेली. शेवटच्या वाटीपाशी तिचं बोट थांबलं.

"आई, लाल दोन आहेत."

"एक."

"दोन गं. बघ."

दोन होती. एकासारखं एक, दोन भोकांची, लाल. कोटवालीने वाटी उचलून डोळ्यांजवळ नेली, जसं काही जवळून बघितलं की त्यातलं एक कमी होणार होतं. तिला पक्कं आठवत होतं. पेरूच्या खालच्या फांदीवर तो आला, शेपटी हलवली, तिने बटण टाकलं, टिक असा आवाज झाला. एकदा. की दोनदा? टिक एकदाच झालं होतं का?

"चिकटून आली असतील दोन," ती म्हणाली.

"असेल," लेक म्हणाली. "असू दे. एका बटणाचं काय एवढं? आपण पैज सोडून देऊ."

हे "असू दे" कोटवालीला फार लागलं. लेक लहान असताना तिने फ्रॉकची बाही उसवली आणि खोटं बोलली, तेव्हा हीच कोटवाली तिच्यावर कडाडली होती. आता तीच लेक तिच्याशी वॉर्डातल्या म्हातारीशी बोलावं तशी हळू बोलत होती. मऊ, गुळगुळीत, उशीखाली हात घातल्यासारखी. "पैज सोडायची नाही," ती म्हणाली. "बॅग भरायची की नाही ते रविवारी. सातही दिवसांचं बघून."

दिवसभर तिला करमलं नाही. चष्मा सापडेना, तो डोक्यावर होता. असं तर नेहमीच व्हायचं, पण आज तिला त्याची भीती वाटली. दुपारी तिने डब्यातली सगळी लाल बटणं पसरून चिकटलेली जोडी आहे का ते बघितलं. एकही नव्हती. प्लॅस्टिकचं बटण प्लॅस्टिकला चिकटेल कशाला? चाळीस वर्षं बटणं हाताळलेल्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं. ते सुचलं नाही, याचीच तिला आणखी भीती वाटली.

बुधवारी ढग होते. थिरथिरा एकदा येऊन गेला. वाटीत लाल एक, तोंडी एक. लेकीने मोठ्या कौतुकाने "बरोब्बर!" म्हटलं, आणि त्या कौतुकाने कोटवालीच्या कपाळाची शीर उडाली. पण आतून तिला बरं वाटलं. मंगळवारचा घोळ म्हणजे एक शिंक होती, आली आणि गेली.

गुरुवारी पुन्हा लाल दोन.

आता मात्र तिचं डोकं चक्रावलं. सगळं बरोबर आणि फक्त लाल जास्त. चिमण्यांसारख्या घोळक्यात ती चुकत नव्हती, जिथे कुणीही चुकेल. चुकत होती ती एकट्या पक्ष्यात, तेही तिच्या लाडक्या. विसरणं असं असतं का? विसरलेला माणूस कमी टाकेल. जास्त कसं टाकेल? की टाकून विसरते आणि पुन्हा टाकते? पातेल्यासारखं? पातेलं ठेवलं हे विसरली, मग बटण टाकलं हेही विसरत असेल. दोन्हीचा मेळ बसत होता.

तिने लेकीकडे बघितलं. लेकीने मोबाईलमध्ये काहीतरी टिपून ठेवलं.

"काय लिहितेस?"

"काही नाही. दूध संपलंय."

दूध संपलं नव्हतं. सकाळीच आलं होतं. कोटवालीने वाट्यांतली बटणं डब्यात ओतली.

गुरुवारी दुपारी तिने एक गोष्ट केली. कापडाच्या गाठोड्यातून पांढऱ्या अस्तराची वीतभर चिंधी काढली आणि सुईत लाल दोरा ओवला. पूर्वी मोठी ऑर्डर असली की ती अशीच करायची. कोट पूर्ण झाला की चिंधीवर एक टाका. डोकं चुकेल, टाका चुकत नाही, कारण टाका घालायला सुई खुपसावी लागते, ओढावी लागते, आवळावी लागते. कुणी उगाच टाका घालत नाही.

शुक्रवारी तिने बटणाबरोबर टाकाही घातला. चिंधी शालीखाली, मांडीवर. थिरथिरा नऊ वाजून दहा मिनिटांनी आला, कुंडीच्या काठावर बसला, शेपटी थरथरवून किडा टिपून उडाला. एक बटण, एक टाका. साडेनऊ झाले. तिने चहा टाकला. दहाला लेक आली.

"थिरथिरा एक," कोटवाली म्हणाली आणि वाटीकडे बघितलं नाही.

"दोन आहेत, आई."

शालीखाली तिने चिंधीवर बोट फिरवलं. एक टाका. एकच.

पहिल्यांदा तिला जे वाटलं ते सुटका. डोकं ठीक होतं! आणि लगेच मागोमाग जे वाटलं ते त्याहून वाईट. मी टाकलं नाही, तर कुणी टाकलं? घरात तिघं. म्हातारा बाथरूमची कडीसुद्धा विचारून लावतो. उरलं कोण? चौथ्या मजल्यावर दोन खोल्या कुणाच्या? आठ दिवसांची रजा कुणी घेतली? पातेलं उलटंसुलटं करून कुणी बघितलं?

तिने लेकीकडे बघितलं. लेक वाट्या गोळा करत होती. कपाळावर कोटवालीचेच केस, तिच्याच नाकाची छोटी नक्कल. ही? पोटची पोर आईला वेडी ठरवायला बटणं टाकेल? मग ही टाकत नसेल. मग कोण टाकतं? मग हीच टाकते.

"तुला घाई कसली झालीय?" ती एकदम म्हणाली.

"कसली घाई?"

"मला न्यायची."

लेकीने वाट्या खाली ठेवल्या. "आई, मला घाई नाहीये. मला झोप लागत नाही. फोन वाजला की वाटतं तुमच्या घराला आग लागली. तुला ही चैन वाटते का? माझ्या दोन खोल्यांत तुम्ही दोघं आल्यावर मी कुठे झोपणार ते मी अजून ठरवलेलं नाही, आणि तू म्हणतेस घाई!" तिचा आवाज आता मऊ नव्हता. खडखडीत होता, अगदी आईसारखा. कोटवालीला तो आवाज ऐकून बरं वाटलं, आणि त्यामुळे ती आणखीच गोंधळली. खोटं बोलणारं माणूस असं चिडत नाही. की चिडतं?

शनिवारी तिने ठरवलं, बघायचंच. साडेनऊला ती नेहमीसारखी उठली, स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं, भांड्यांचा आवाज केला. मग गॅस बंद केला, बंद केल्याची दोनदा खात्री केली, आणि चपला काढून दाराच्या फटीशी आली. लेक अजून बाथरूममध्ये होती, पाण्याचा आवाज येत होता. आणि टेबलाशी म्हातारा. अर्ध्या गालाला साबण, खांद्यावर टॉवेल. त्याने डब्यात हात घातला, बोटांनी बराच वेळ चाचपलं, एक लाल बटण काढलं, चष्म्याशिवाय डोळे बारीक करून लाल आहे ना ते उजेडात बघितलं, आणि वाटीत टाकलं. टाकलं म्हणजे ठेवलं. आवाज होऊ नये म्हणून बोटाने तळाला टेकवलं.

"अहो!"

म्हातारा जागच्या जागी उडाला. टॉवेल पडला.

"तुम्ही? तुम्ही मला वेडी ठरवताय? पन्नास वर्षं तुमचं जेवण वाढलं..."

"अगं, मी कशाला वेडी ठरवू?" तोही घाबरला होता. "तू बघितला नाहीस म्हणून टाकलं. तुझा आकडा कमी पडायला नको म्हणून."

"काय बघितलं नाही?"

"तो थरथरणारा. नळावर येतो. मला आरशात दिसतो, दाढी करताना. सोमवारी सांगायला लागलो तर तू म्हणालीस तोंड मिटा. मग मला वाटलं, तुझ्या डोळ्यांना तो दिसत नसेल, आणि लेकीला कळलं की तुझी नजर गेलीय, तर... म्हणून मग मीच टाकत गेलो. बुधवारी आला नाही, बुधवारी टाकलं नाही." आणि मग, त्याच्या मानाने बरंच लांब बोलल्यावर, त्याने आणखी एक वाक्य जोडलं. "तो तिथे पाणी पितो. म्हणून वॉशर आणत नव्हतो."

कोटवाली खुर्चीवर बसली. पाच दिवस डोक्यात घातलेला पीळ एकदम उलगडला, आणि उलगडताना आतून काहीतरी ओरबाडत गेला. हा माणूस तिला वाचवत होता. वाचवता वाचवता त्याने तिला थेट चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवलं असतं. आणि ती पोटच्या पोरीवर घसरली होती. एक वाक्य, सोमवारी सव्वानऊला, तिने पुरं होऊ दिलं असतं तर!

लेक केस पुसत बाहेर आली आणि दोघांची तोंडं बघून थांबली. "आता काय झालं?"

सगळं सांगून होईपर्यंत चहा राहून गेला. लेक आधी हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरले, मग ती म्हणाली, "म्हणजे आकडा दोनच आहे ना? बाबांचा एक आणि तुझा एक."

"नाही," कोटवाली म्हणाली. "कशावरून? पुढून उडाला आणि मागे नळावर गेला, तर एकच झाला. नियम काय? एका वेळी दिसले पाहिजेत. एकाच वेळी पुढे आणि मागे कोण बघणार?"

"माझा तपकिरी आहे," म्हातारा म्हणाला.

"तुम्हाला सगळं जगच तपकिरी दिसतं. मोतीबिंदू आहे तुम्हाला."

"शेपटी विटकरी, अंग तपकिरी," म्हाताऱ्याने न चिडता पुन्हा सांगितलं. नवरा एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगतोय हे कोटवालीने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

तिला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. थिरथिरा काळा असतो, हे सहा वर्षं पक्कं होतं. तपकिरी कुठून आला? मास्तरणीला विचारणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पण नाइलाज होता. शनिवारी संध्याकाळी ती कुंपणापाशी गेली आणि विषय हवेचा असावा अशा आवाजात म्हणाली, "थिरथिरा तपकिरी असतो का हो?"

"मादी असते ना," मास्तरीण म्हणाली. "सहा वर्षं मोजताय, माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. तुम्हाला आहे का ते बघत होते."

रविवारी नऊला तिघंही जागेवर होती. पुढच्या खिडकीशी कोटवाली. मागच्या दाराशी म्हातारा, आज साबणाशिवाय, आरसा पुसून लख्ख. मधल्या दारात लेक, जिथून मान एकीकडे वळवली की पेरू आणि दुसरीकडे वळवली की नळ. वीस मिनिटं थिरथिऱ्याचा पत्ता नाही. चिमण्या आल्या, मोजल्या. साळुंक्या भांडून गेल्या. कोटवालीच्या पायाला मुंग्या आल्या. तिला वाटलं, आता तो येणारच नाही, आणि ती कायमची अर्धी शहाणी, अर्धी वेडी राहणार.

मग पेरूच्या फांदीवर तो उतरला. काळा, विटकरी पोटाचा. शेपटी थरथरली.

"आला!" ती ओरडली.

"इकडेही आलाय!" मागून म्हातारा ओरडला. त्याचा एवढा मोठा आवाज त्या घराने बहुधा पहिल्यांदाच ऐकला. दोन्ही पक्षी त्या आवाजाने एकदम उडाले.

"बघितलंस?" दोघांनी दोन्हीकडून एकाच वेळी विचारलं.

लेक मध्ये उभी होती, मान अजून नळाकडेच वळलेली. "बघितलं," ती म्हणाली. "एक काळा, एक तपकिरी. दोन."

कोटवालीने वाटीत दोन लाल बटणं टाकली. टिक, टिक. पैज तिने जिंकली होती, आता छाती पुढे काढायला हरकत नव्हती. पण तिने चिंधी बाहेर काढली, टाक्यावरून बोट फिरवलं आणि लेकीकडे न बघता म्हणाली, "बटणांचं झालं. पण पातेल्याचं माझ्याकडे उत्तर नाही. ते ठेवल्याचं मला अजून आठवत नाही. शुक्रवारी तुला बोलले, ते याच धसक्यानं. हे बटणांत धरू नकोस. वेगळं धर."

लेक तिच्याजवळ येऊन बसली. आता आवाज मऊ होईल असं कोटवालीला वाटलं आणि ती ताठ झाली. पण लेक नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आपोआप बंद होणारा गॅस बसवून घेते. आणि पुढच्या महिन्यात डॉक्टरांना दाखवायचं. आणि रोज साडेनऊला मला फोन. आकडा सांगायचा."

"कुणाचा आकडा?"

"दोघांचा."

"ह्यांचा आकडा मी सांगेन."

"नाही. बाबांचा बाबा सांगतील."

कोटवालीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तिने मान हलवली. लेक दुपारी निघाली. जाताना बॅग तिचीच होती.

सोमवारी मोजणी नव्हती, फॉर्म तर मास्तरणीच्या पिशवीत गेला होता, तरी नऊला दोघं आपापल्या जागी बसली. सव्वानऊला कोटवालीने पेरूवर काळा बघितला आणि "आला" म्हटलं. मागून "आला" असं उत्तर आलं. दोन. सगळं जुळलं. आणि तेवढ्यात ओट्याच्या कडेला आणखी एक तपकिरी उतरला, शेपटी थरथरवली आणि कोपऱ्यावरून मागे निघून गेला.

तिचं बोट लाल बटणावर थांबलं. हा तिसरा, की मागचाच पुढे येऊन गेला? आणि म्हाताऱ्याने मागे बघितला तो कुठला मग?

"अहो," तिने हाक मारली, "तुमचा अजून तिथेच आहे का?"

मागे आरसा भिंतीवर सरकल्याचा आवाज आला.

"कुठला?" म्हातारा म्हणाला.

कोटवालीने बटण खाली ठेवलं, उठली, आणि खुर्ची ओढत मागच्या दाराशी, आरशापाशी घेऊन गेली.